मिशीपुरता कागद

आमच्या ऑफिसातले काका मिसळ खायला निघाले की खिशात चपटी डबी घेऊन निघायचे. डबीत लिंबाची फोड, बारीक चिरलेला कांदा आणि कोपऱ्यात चमचाभर दही. फणसवाडीतून बाहेर पडलं की कोपऱ्यावर आमचं ठरलेलं हॉटेल. तिथे लिंबू मागितलं तर मिळतं, कांदा तर न मागता मिळतो. पण काका मागायचे नाहीत. वेटरला 'तिखट कमी' एवढंही कधी सांगायचे नाहीत. जशी येईल तशी मिसळ पुढ्यात घ्यायची आणि मग डबी उघडून आपल्याला हवं ते आपल्या बशीत करायचं. "त्यांची मिसळ ती त्यांची," म्हणायचे, "माझ्या पुढ्यात आली की पुढचं मी बघतो."

मी लालबागची. आमच्याकडे 'तर्री वेगळी दे, पाव जरा भाजून आण' असं ऐकवल्याशिवाय माणूस खुर्चीवर टेकत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस एकतर कंजूष आहे नाहीतर चक्रम. कंजूष नव्हते. चक्रम होते, पण मला वाटलं होतं त्या जातीचे नव्हते.

ऑफिस म्हणजे गिरगावातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, पाच-सहा टेबलं, आणि खाली मसाल्याचं दुकान. मिरच्या कुटायला घेतल्या की क्लायंटशी फोनवर बोलताना आम्ही सगळे शिंकायचो. आमचा धंदा सोपा सांगायचा तर असा: जगात कुणीकुणी तयार करून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली वेब ॲप्लिकेशन्स असतात. ती घ्यायची आणि आपल्याकडच्या पतपेढीला, शाळेला, वाचनालयाला बसतील अशी करून द्यायची. कुणाला स्क्रीन मराठीत हवा, कुणाला अमुक बटण वर हवं, कुणाला तमुक रकाना नको. स्क्रीन ज्या फाईलींवरून उभा राहतो त्यांना आम्ही टेम्पलेट म्हणतो. काका साचा म्हणायचे. आणि साच्याबद्दल त्यांचा एकच कायदा होता, मुळाला हात लावायचा नाही. त्यामुळे त्यांच्या मागे आम्ही त्यांना 'मूळपुरुष' म्हणायचो. पुढे कळलं की त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

हा कायदा फक्त फाईलींना लागू असता तर मी आज हे लिहायला बसले नसते. टेबलावरच्या कॅलेंडरवर ते पारदर्शक प्लास्टिक लावायचे आणि जे काय लिहायचं ते त्या प्लास्टिकवर लिहायचे. वर्ष संपलं की प्लास्टिक काढून कोरं करकरीत कॅलेंडर माझ्या हातात. "बघ गं, ओरखडा तरी आहे का कुठे?" गेल्या वर्षाचं नवंकोरं कॅलेंडर घेऊन मी काय करायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मी ते घरी न्यायचे. आई विचारायची, "ह्या काय गो, सरलेल्या वर्षाचा?" आणि मसाल्याच्या बरण्यांखाली अंथरून टाकायची.

तयार पँट लांब झाली तर ते कापायचे नाहीत. आतून दुमडून स्वतः टाके घालायचे. बसल्यावर पायाशी एवढा जाड गोळा दिसायचा की मी एकदा विचारलं, काका, आत अजून एक पँट आहे का? तर शांतपणे म्हणाले, कापलं की गेलं, दुमडलेलं परत उलगडता येतं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते गणपतीत. गिरगावातच, जुन्या चाळीत भाड्याची खोली. घर अगदी नेटकं, पण भिंतीवर एक खिळा नाही. फोटो, घड्याळ, किल्ल्या, सगळं एका उभ्या लाकडी घोड्यावर टांगलेलं. भिंत घरमालकाची ना. काकू हसत मला म्हणाल्या, "घरमालक कधीच वर गेले, मुलगा परदेशात. ही भिंत ह्यांना कुणाला दाखवायची आहे, तूच विचार." मी विचारलं. काका मोदकाला तूप लावत राहिले. काकूंचा मात्र त्या दिवशी मला फार लोभ वाटला. तीस वर्षं बिनखिळ्याच्या घरात हसत राहणं काही खायचं काम नाही.

आता मिशीची गोष्ट. आमच्यातल्या एका मुलाने परळच्या एका पतपेढीचे स्क्रीन मराठीत करून दिले होते. चांगले केले होते, पण केले ते थेट मूळ फाईलींत. मग मूळ ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती आली, आम्ही ती चढवली, आणि जुन्या फाईलींच्या जागी नव्या येऊन बसल्या. त्याने लिहिलेलं सगळं वाहून गेलं. सकाळी पतपेढीतून फोन, आमचं मराठी कुठे गेलं? तो पोरगा रडायच्या बेताला आलेला. काका उठले, खाली गेले आणि घोटीव कागद घेऊन आले, शाळेत हस्तकलेला लागतो तसला, काळा. कात्रीने त्याची झुबकेदार मिशी कापली. आमच्या पॅसेजमध्ये साहेबांचा हार घातलेला फोटो आहे. म्हणजे साहेब आहेत हो, ठणठणीत आहेत, उद्घाटनाच्या दिवशी हार घातला होता तो फोटो. काकांनी त्या काचेवर साहेबांच्या ओठांवर ती मिशी चिकटवली.

मग आम्हाला समोर उभं करून शिकवायला लागले. साहेबांना मिशी हवी तर फोटोवर पेन चालवायचं नाही, वर कागद लावायचा. कॉम्प्युटर आधी आपल्या फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्या नावाची फाईल मिळाली तर ती दाखवतो, नाही मिळाली तर मुळाकडे जातो. त्यामुळे मिशी आपली, बाकी चेहरा मुळातला. एवढ्यात साहेब आले. फोटो बघितला, आम्हाला बघितलं. काका म्हणाले, "तुम्हाला नाही साहेब, काचेला आहे," आणि नखाने मिशी काढून दाखवली. खाली फोटोतले साहेब होते तसे गुळगुळीत.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. एक अख्खा पांढरा कागद घेतला, त्यावर साहेबांचा चेहरा मिशीसकट काढला (वाईट काढला) आणि पूर्ण फोटोवर धरला. काही शहाणे असं करतात, म्हणाले. मिशी बदलायची असते, पण अख्ख्या चेहऱ्याची नक्कल करून वर ठेवतात. दिसतं ठीक. पण उद्या साहेबांना चष्मा लागला आणि मूळ फोटो बदलला, तर तो चष्मा ह्या कागदाखालून कोणाला दिसणार? म्हणून कागद लावायचा तो मिशीपुरताच. साहेब म्हणाले, मला चष्मा लागलाच आहे, आणि केबिनमध्ये गेले. पण 'मिशीपुरता' हा शब्द आमच्यात रुळला. कुणी गरजेपेक्षा जास्त फाईली उचलून आपल्याकडे आणल्या की आम्ही नुसतं ओठांवर बोट ठेवायचो.

काकू गिरगावातल्याच एका जुन्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसायच्या. लग्नानंतर लगेच लागल्या होत्या, त्या तिथेच. कुणी काय वाचलंय, कुणाला काय झेपत नाही, कुणाच्या सासूला रहस्यकथा चालतात, सगळं तोंडपाठ. पुस्तकाबरोबर दोन वाक्यं मिळायची, म्हणून लोक त्यांच्याच रांगेत उभे राहायचे. आणि त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग हळूहळू पुसट होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोर बघितलं की धुकं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकेल तेवढं टिकवू. वाचनालयात हे कुणाला माहीत नव्हतं.

मग वाचनालयाने कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, आणि काम आमच्याच ऑफिसकडे आलं. तिथल्या ग्रंथपाल बाई कडक, पण वाकड्या नव्हेत. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ज्याला स्क्रीनवर जमेल तो काउंटरवर, ज्याला जमणार नाही त्याने आत पुस्तकं लावायची. आत म्हणजे अंधारी कपाटं आणि पुस्तकांच्या पाठीवरचे बारीक आकडे. काकूंसाठी आत म्हणजे घरीच. निवृत्तीला काही वर्षं होती, आणि त्यांना ती माणसांत काढायची होती. त्यांनी काकांना एवढंच सांगितलं होतं की मला आत पाठवू देऊ नका.

काकांनी काय केलं ते मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांनी काकूंच्या नावाचं एक फोल्डर केलं. काकूंच्या लॉगिनने कुणी आत शिरलं की ॲप्लिकेशन आधी त्या फोल्डरमध्ये बघायचं. काळ्यावर पिवळी अक्षरं, बोटभर उंच. एका ओळीत एकच गोष्ट. बटणं प्रत्येक स्क्रीनवर एकाच जागी, हाताला सवय होईल अशी. बाकी काउंटरवर नेहमीचाच पांढरा, बारीक अक्षरांचा स्क्रीन. आणि हे काकूंनाही सांगितलं नाही. काकू घरी येऊन म्हणाल्या, तुमच्या कंपनीने काय छान केलंय हो, मोठं मोठं, म्हाताऱ्यांचा विचार करून. काका म्हणाले, हो, सगळीकडे तसंच करतात हल्ली.

दोनेक वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती आली. तिच्यात एक चांगली सोय होती. परत आलेलं पुस्तक दुसऱ्या कुणी मागून ठेवलं असेल, तर तिथल्या तिथे स्क्रीनवर लाल ओळ यायची, की हे बाजूला ठेवा, अमुक सभासदासाठी आहे. काकांनी ती आवृत्ती चढवली आणि लगेच काकूंचे स्क्रीन उघडून बघितले. जसेच्या तसे होते. ते खूश झाले. जसेच्या तसे होते हाच तर घोटाळा होता, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं?

थोड्याच दिवसांत वाचनालयात कुरबुर सुरू झाली. मागून ठेवलेली पुस्तकं भलत्यालाच जायला लागली, आणि जायची ती काकूंच्या काउंटरवरून. बाईंनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा केबिनमध्ये बोलावून विचारलं की तुम्हाला दिसत नाही का? ह्यापुढे लक्ष ठेवते, काकू म्हणाल्या. घरी येऊन काकांना म्हणाल्या, ती लाल ओळ म्हणे येते, मला काही सापडत नाही. काका म्हणाले, येत असेल खाली कुठेतरी, नीट बघ. दुसऱ्या दिवशीही तेच, नीट बघ. काकू दिवसभर मान वाकडी करकरून, डोळ्यांच्या कडेने स्क्रीनचा कानाकोपरा शोधायच्या. संध्याकाळी डोकं धरून बसायच्या. काकांनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे आहेत तसेच आहेत. ह्यावर दोघांचाही विश्वास बसला नाही. काकू म्हणाल्या, आता पुरे, मी सोडते.

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की काका मिसळीला येत नाहीत. डबी टेबलावर तशीच पडलेली असायची.

आणि मग ग्रंथपाल बाईंचा फोन आला, तो मी घेतला. त्यांचा आवाज पडलेला होता. म्हणाल्या, आमच्या जुन्या बाईंना काउंटरवरून काढतेय, माझ्या जिवावर आलंय, पण सभासद ऐकत नाहीत. त्यांचं काउंटरचं लॉगिन बंद करा. मी नाव लिहून घेतलं आणि चपापले. काकूच त्या. काका तेव्हा साहेबांबरोबर मीटिंगला बसले होते. लॉगिन बंद करण्याआधी कुणाचं काही अर्धवट राहिलंय का ते आम्ही त्या लॉगिनने आत जाऊन बघतो. मी गेले, आणि समोर काळ्यावर पिवळी, बोटभर उंच अक्षरं.

खोटं कशाला बोलू, आधी मला हसू आलं. मग समजलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. मग मी तिथेच एका मागून ठेवलेल्या पुस्तकाची परत आल्याची नोंद करून बघितली. लाल ओळ नाही. खाली नाही, वर नाही, कोपऱ्यात नाही. फोल्डर उघडलं, तर आत देवघेवीचा सगळाच्या सगळा साचा उचलून आणलेला. अक्षरं मोठी करायला आणि रंग बदलायला एक लहानशी फाईल पुरली असती, बटणांना अजून एक. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण प्रत्येक स्क्रीनपाशी हा माणूस काकूंसाठी स्वतंत्र बसला होता. एक एक शब्द हाताने लावला होता. मिशी नव्हती ती, अख्खा चेहरा होता. मूळ बदललं, ओळ मुळात आली, आणि ह्या कागदाखाली झाकून गेली.

काका मीटिंगमधून आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी बघितलं. शेजारी मूळ स्क्रीन उघडला होता, तोही बघितला. लाल ओळ तिथे लख्ख होती. ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"मी तिला नीट बघ म्हणालो," म्हणाले. "दोनदा म्हणालो."

मी म्हटलं, काका, पाच मिनिटांचं काम आहे, मी ओळ टाकते, बाईंना फोन करून सांगते की आमच्याकडे बिघाड होता. कुणाला काही कळायचं कारण नाही. तर नाही म्हणाले. बाईंना असं वाटतंय की हिला दिसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे हिलाही तसंच वाटतंय. फोनवर हे दोघींच्या डोक्यातून उतरणार नाही. उठले, चपला घातल्या. मीही निघाले. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत ते पुढे आणि मी मागे. मला एवढंच कळत होतं की त्यांनी तिथे खरं सांगितलं तर डोळ्यांचं बाहेर पडणार, आणि नाही सांगितलं तर काकूंची जागा जाणार.

वाचनालयात दुपारची सामसूम होती. काकू काउंटरवर बसल्या होत्या, बाई शेजारी उभ्या, बहुतेक तेच बोलणं चाललेलं. काका सरळ काउंटरपाशी गेले. बाईंना म्हणाले, "चूक हिची नाही, माझी आहे. ती ओळ हिच्या स्क्रीनवर नव्हतीच. हिचा स्क्रीन मी वेगळा केलाय, हिच्या डोळ्यांसाठी. करताना जास्त झाकलं." मग काकूंकडे वळले. हा माणूस साहेबांच्या फोटोला मिशी लावताना चाचरला नव्हता, तो इथे चाचरला. "तुला सांगितलं नव्हतं मी. सगळ्यांना तसंच दिसतं असं म्हणालो होतो."

काकूंनी मान जराशी तिरकी केली. त्यांना समोरचं बघायचं असलं की त्या तशी करायच्या. आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "मला माहीत होतं. माझा कॉम्प्युटर एकदा बंद पडला तेव्हा शेजारच्या लॉगिनवर बसले होते. मुंग्या होत्या नुसत्या. म्हटलं, ह्यांना वाटतंय मला कळलं नाही, तर वाटू दे."

काका म्हणाले, मग ओळ दिसत नव्हती तेव्हा बोलली का नाहीस, की तुमच्याच कामात काही राहिलं असेल?

"तुम्ही केलं होतं ना," काकू म्हणाल्या. "म्हणजे त्यात सगळं असणारच. मी डोळ्यांवर संशय घेतला."

मी पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. बाई काउंटरच्या आतून वळसा घालून आल्या, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवला आणि काकूंच्या स्क्रीनपुढे वाकल्या. पिवळी अक्षरं वाचली, मोठ्याने, चष्म्याशिवाय. आधी म्हणाल्या, डोळ्यांचं मला सांगायला हवं होतं, मी काय वाघ आहे का? आणि मग जरा आवाज खाली आणून मला विचारलं, हे माझ्या लॉगिनला होईल का? काकूंच्या जागेचा विषय पुन्हा निघालाच नाही. त्यांच्या रांगेत लोक उभे राहत राहिले.

काकांनी ते फोल्डर दुसऱ्याच दिवशी उपसलं. उचलून आणलेले सगळे साचे काढून टाकले, फक्त अक्षरांची आणि रंगाची एक फाईल आणि बटणांची एक, एवढंच ठेवलं. आता मुळात काही नवं आलं की ते काकूंनाही दिसणार होतं, मोठं आणि पिवळं. मिसळीची डबीही पुन्हा सुरू झाली.

पण त्यानंतर एक नवीन खूळ लागलं. नवी आवृत्ती आली की काका आधी दोन स्क्रीन शेजारी शेजारी उघडायचे, मूळ आणि काकूंचा, आणि बोट ठेवून एक एक ओळ ताडून बघायचे. दुपार जायची त्यात. तिकडे खाली मिरच्या कुटणं चालू असायचं, आम्ही शिंकत असायचो, आणि ह्यांचं बोट काचेवरून खाली सरकत असायचं. मी एकदा चिडून म्हटलं, काका, झाकलेलं आता काही उरलंच नाहीये, आणि फरक शोधायचाच असला तर कॉम्प्युटर क्षणात शोधून देतो. डोळे कशाला फोडून घेताय?

त्यांनी बोट उचललं नाही, कुठपर्यंत आलो ते चुकेल म्हणून. "तिला मी नीट बघ म्हणालो होतो ना," म्हणाले. "आता मी बघतो."